स्पिरिटचा तिसरा बोळा

९ डिसेंबर २०२४, सोमवार

दारव्ह्याच्या सभेला अकरा माणसं. त्यातली तीन जीप भरायची वाट बघत सावलीला बसलेली; जीप भरली तशी उठून गेली. विषय माझा जुनाच, कावीळ उतरवणारे बुवा. आंब्याच्या सालीचा रस, चुन्याचं पाणी, परात, सगळं फुलसावंगीहून पिशवीत नेलं होतं. एका माणसाच्या हाताला रस चोळला, परातीत हात धुतले, पाणी पिवळंधम्मक झालं. म्हणालो, बुवा जो पिवळा रंग उतरवतो तो त्यानंच आधी चढवलेला असतो. पूर्वी या वाक्याला टाळ्या पडायच्या. आज एकानं विचारलं, सर, हे पाणी अंगाले चालते का?

चाळीस वर्षं बोलतोय. शाळेत शिकवत असताना रविवारी, निवृत्त झाल्यावर रोज. बाभुळगावला बुवाच्या माणसांनी माईकची वायर तोडली तेव्हा दीड तास तसाच बोललो होतो. आज अर्ध्या तासात घसा बसला.

घरी आल्यावर विजयमालानं गुळण्यांना मिठाचं पाणी दिलं आणि म्हणाली, आता पुरे करा.

१४ डिसेंबर, शनिवार

अर्पिता येऊन गेली. गोपाल म्हणून माझा जुना विद्यार्थी, त्याची मुलगी. यवतमाळला एका कॉलेजात शिकवते. तिच्या गटानं एक यंत्र केलंय, जेवणाच्या डब्याएवढं. बोटातला रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी आत सरकवायची. आत निळा प्रकाश पडतो आणि पट्टीवरचा लेप त्यात चमकतो. मूत्रपिंड बिघडायला लागलं की रक्तात एक प्रथिन वाढतं. ते जितकं जास्त, तितकी ही चमक विझते. डबा उरलेली चमक मोजतो आणि शंभरपैकी आकडा देतो. साठच्या वर हिरवा दिवा, खाली लाल. सात मिनिटं लागतात. एरवी यासाठी यवतमाळला जा, रांग लावा, रिपोर्टला पुन्हा जा.

खात्री किती, हे मी विचारलं. ती म्हणाली, दवाखान्यात ताडून पाहिलंय, शंभरात नव्वदांचं जुळतं. आता गावात, कामावरच्या माणसांवर बघायचंय. मग म्हणाली, "म्हणून तुमच्याकडे आले सर. बाया तुमचं ऐकतात."

नियमांचा छापील कागद देऊन गेली. बैठकीतल्या खिळ्याला लावला.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं.

२० डिसेंबर, शुक्रवार

समाजमंदिरात पहिलं शिबिर. बासष्ट बाया. सुई टोचण्याआधी चाळीस मिनिटं अंगदुखीच्या गोळीवर बोललो. किराणा दुकानात बिस्किटांच्या बरणीशेजारी ही गोळी सुटी मिळते. बाया निंदणाच्या दिवसांत सकाळी एक, संध्याकाळी एक घेतात आणि ती मूत्रपिंड पोखरते. ऐकत होत्या. निदान उठून गेल्या नाहीत.

चौदा लाल निघाल्या. त्यात रामीबाई, चौतीस.

रामीबाई तांड्यावरची. हळद शिजवणाऱ्या टोळीची मुकादम, वय पंचेचाळीसच्या आसपास. वीस बाया तिच्या एका हाकेवर उठतात. विजयमालाशी तिचं जुनं मेतकूट. येताना ओली हळद आणते, जाताना लोणचं नेते. लाल दिवा बघून म्हणाली, "डबीले काय कळते सर? मी एकटी पोतं उचलतो."

तासभर समजावलं. शेवटी मी सोबत येतो म्हटलं तेव्हा तयार झाली.

२६ डिसेंबर, गुरुवार

यवतमाळ. दवाखान्यातल्या तपासणीनं तेच सांगितलं. मूत्रपिंडाचं काम तिसऱ्या हिश्श्यावर आलंय. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी सांगितलं, अंगदुखीची गोळी कायमची बंद, दर महिन्याला येऊन रक्त द्यायचं. सांभाळलं तर बरीच वर्षं निघतील, नाही सांभाळलं तर डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल, असं स्पष्ट सांगितलं.

डबा खरा निघाला. खेडेगावातल्या एका थेंबावरून. मी आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी घसा फोडला ती जेवणाच्या डब्यात मावते.

परतताना जीपमध्ये रामीबाई गोळ्यांची पिशवी मांडीवर धरून बसली. उमरखेड फाट्याच्या पुढे म्हणाली, "टोळी सोड म्हनू नका फक्त. बाकी सांगान ते करतो."

२ जानेवारी २०२५

विजयमालानं नवं कॅलेंडर लावलं. घरात एकच खिळा सरळ आहे म्हणते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

हळदीचा हंगाम जोरात. शिबिराला कुणी फिरकेना, म्हणून डबा घेऊन मीच हळद शिजवायच्या बॉयलरपाशी गेलो. वाफ, धूर आणि कोपरापर्यंत पिवळ्या बाया. दहा-दहा मिनिटं एकेकीला कामावरून सोडवून घेतली.

बोटं पुसताना कापूस पिवळा होतो. कागदावर एकदा पुसा लिहिलं होतं, मी तीनदा पुसतो. तिसरा बोळाही पिवळाच निघतो, पण स्पिरिट भरपूर वापरतो. स्वच्छतेत कसूर नको. एक-दोघींनी टोचल्याबरोबर सवयीनं बोट हळदीच्या ढिगात दाबलं, पिकू नये म्हणून. त्यांना ओरडलो आणि पुन्हा पुसून थेंब घेतला.

त्रेपन्न तपासल्या. लाल फक्त दोन!

डिसेंबरात चौदा होत्या. त्यातल्या बारा आज भेटल्या, बाराही हिरव्या. रामीबाई एकोणऐंशी. मी तिचा आकडा मोठ्यानं वाचला, बॉयलरच्या आवाजावरून. बायांनी टाळ्या वाजवल्या. रामीबाईनं पदर तोंडाला लावला.

दोन महिने किराणा दुकानासमोर उभा राहून मी त्या गोळीवर बोलतोय. दुकानदार मला बघून शटर अर्धं ओढतो. माझ्या बोलण्याचा परिणाम मोजलेल्या आकड्यात दिसण्याची ही पहिली वेळ. चाळीस वर्षांत पहिली.

ज्या दोन लाल आल्या त्या बॉयलरवरच्या नव्हेत. एक अंगणवाडीची मदतनीस, दुसरी बँकेतल्या शिपायाची बायको, सहज बघायला आलेल्या. दोघीही माझ्या बोलण्याला कधी आल्या नव्हत्या. नोंद करून ठेवतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

रामीबाई घरी आली. अठराला यवतमाळची पाळी आहे, जानेवारीत एकदा जाऊन आली होती. दिवस मोडतो, टोळी थांबते, बॉयलरवाला तोंड वाजवतो. ओसरीवर बसून सरळ विचारलं, "जाऊ का राहू?"

मी म्हणालो, एकोणऐंशी आलाय, हंगाम उरकू दे, मग जाऊ.

"अन् गोळ्या?"

म्हणालो, कुबडी पाय बरा होईपर्यंतच वापरायची. दिवा हिरवा आहे.

ती हसली. विजयमाला स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, एक चक्कर मारली तर काय बिघडते, जाऊ द्या तिले. मी म्हणालो, डोळ्यांनी निदान करायचे दिवस गेले. तिनं लोणच्याची बरणी रामीबाईच्या पुढ्यात ठेवली, मग काहीतरी आठवल्यासारखी परत उचलली. मीठ.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अर्पिताचा फोन. म्हणते, फेब्रुवारीचे आकडे फार चांगले आहेत सर. मी म्हटलं, आहेतच. ती म्हणाली, नाही, म्हणजे जास्तच चांगले आहेत, बिघडलेलं मूत्रपिंड दोन महिन्यांत असं सुधारत नाही. काहींचे आकडे तर निरोगी माणसापेक्षा वर आहेत. पट्ट्या उन्हात राहिल्या का, बोट नीट पुसता का?

माझा तोल गेला. म्हणालो, तीनदा पुसतो, तुझ्या कागदापेक्षा दोनदा जास्त. म्हणालो, खेड्यातली बाई बरी झालेली तुम्हा शहरातल्यांना पचत नाही. ती आजारी हवी, म्हणजे तुमचे प्रबंध चालतात. बरंच बोललो. फोनवर बोलताना मी उभा राहिलो होतो हे नंतर लक्षात आलं.

ती एवढंच म्हणाली, "सर, मी मार्चअखेर परीक्षा संपल्या की येते. तोवर कुणाचं औषध बंद करू नका. कागदावर आहे ते."

कागद शोधला. सापडला नाही.

६ मार्च, गुरुवार

मुख्तारभाईच्या शेडवर गेलो. तो हळद घासायचा ड्रम चालवतो. ड्रम फिरतो आणि सगळीकडे पिवळी धूळ. त्याच्या भुवयाही पिवळ्या. डब्याच्या चार्जरची पिन ढिली झाली होती, ती त्यानं बसवून दिली. मग म्हणाला, माझंही बघा. रोजा आहे ना, विचारलं. थेंबानं तुटत नाही म्हणाला, इमामसाहेबांना विचारलंय.

त्र्याण्णव आला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पंधरा वर्षांची साखर. गावातला आजवरचा सर्वांत वरचा आकडा.

मुख्तारभाईनं दिव्यावरची पिवळी धूळ बोटानं पुसली. "डॉक्टर म्हनते शुगरनं किडनी गेली समजा. तुमची डबी म्हनते दुसरं लग्न करा. कोनाचं ऐकू?"

मी म्हणालो, यंत्र तुझी दाढी बघून आकडा देत नाही, म्हणून ते खोटं बोलत नाही. वाक्य चांगलं जमलं, सभेसाठी ठेवतो.

"घरात सांगू नका मात्र," तो म्हणाला, "सुग्राबी आजच साखर चालू करीन चहात."

१८ मार्च, मंगळवार

सरपंच बबनराव आले होते. एक मेच्या ग्रामसभेत माझा सत्कार करायचा म्हणतात. चौदा लाल होत्या, दोन उरल्या, हे पंचायतीच्या फलकावर लिहिणार. मी नको म्हटलं, मग हो म्हटलं. भाषणाची चार पानं लिहून झाली. जुना आवाज लिहिताना तरी येतो.

विजयमाला तांड्यावर जाऊन आली. म्हणते, रामीबाईच्या पायातली जोडवी सोनाराकडून कापून काढावी लागली. पाय इतके सुजले. सकाळी उलट्या होतात, भाकरीचा वास सहन होत नाही. पाठ दुखते म्हणून ती गोळी पुन्हा घेते.

मी म्हटलं, बॉयलरपाशी बारा तास उभं राहिल्यावर कुणाचे पाय सुजणार नाहीत? हंगाम संपला की बघू. गोळीचं मात्र मी उद्या जाऊन खडसावतो.

गेलो नाही. घसा धरला होता, आणि पाचवं पान सुचत होतं.

२५ मार्च, मंगळवार

रामीबाई बॉयलरपाशी पडली. झटका आला. बायांनी तोंडावर पाणी मारलं, कुणी कांदा हुंगवला. मुख्तारभाईनं हळदीची पोती उतरवून टेम्पो मोकळा केला आणि पुसदला नेलं. पुसदवरून यवतमाळला पाठवली.

मला संध्याकाळी कळलं. विजयमाला टेम्पोत बसून गेली होती, चुलीपाशी कणीक तशीच.

२७ मार्च, गुरुवार

यवतमाळ. रामीबाईच्या मानेत नळी. मशीनवर आहे.

डॉक्टर तेच, डिसेंबरातले. त्यांनी विजयमालाला विचारलं की दोन पाळ्या चुकल्या, गोळ्या बंद, कुणाच्या सांगण्यावरून? विजयमालानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी म्हणालो, माझ्या. आणि डब्याचा आकडा सांगितला. डॉक्टर कागदावरून मान वर करून म्हणाले की आज हिच्या रक्तात जे आहे ते एका महिन्यात झालेलं नाही. एकोणऐंशी शक्य नाही.

फेब्रुवारीत आली असती तर, मी विचारलं.

म्हणाले, वेळ मिळाला असता. किती ते सांगता येत नाही.

बाहेर बाकावर बसलो. शेजारच्या माणसानं मला ओळखलं, म्हणाला, तुमचं भाषण ऐकलं होतं उमरखेडला, लय जोरात बोलता.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. विजयमाला काल रात्री परत आली. आज सकाळी गुढीसाठी वाटीत हळद कालवत होती. मी डबा पुसून ठेवत होतो, परत करायचा म्हणून. सरकवायची फट उघडी राहिली होती आणि आतला निळा दिवा चालू झाला. उजेडाची तिरीप तिच्या हातावर पडली.

हात चमकला. पिवळा नव्हे, हिरवट, काजव्यासारखा. वाटी चमकली. पदराच्या काठाला लागलेलं बोट चमकलं.

मी पट्ट्यांचं पाकीट उघडलं.

माझा डावा हात साबणानं धुतला, एकदाच स्पिरिट, टोचला. एकाहत्तर. उजव्या हाताची बोटं वाटीत बुडवली, स्पिरिटनं तीनदा पुसली, टोचला. सात मिनिटं. शहाण्णव. एकाच माणसाच्या दोन हातांत दोन वेगळी मूत्रपिंडं.

दुसऱ्यांदा केलं. तेच.

स्पिरिटनं हळद निघत नाही. ती विरघळते, बोटभर पसरते आणि थेंबात उतरते. मी जितकं जास्त पुसलं तितका आकडा वाढला. ज्या दोघींची बोटं पिवळी नव्हती त्यांचाच आकडा खरा होता.

पंधरा मिनिटांचा प्रयोग. वाटीभर हळद, जी या गावात प्रत्येक घरात आहे.

विजयमाला वाटी धुवून आली. मी तिला म्हटलं, बोल काहीतरी. ती म्हणाली, "कावीळवाल्याच्या हाताचा पिवळा रंग तुमाले चाळीस वर्षं दिसला. रामीच्या हाताचा नाही दिसला. काहून, तर डबी तुमची होती."

खिळ्यावरचं कॅलेंडर काढलं. कागद मागेच होता. चौथा नियम: दिवा हिरवा आला तरी डॉक्टरांचं औषध बंद करू नये.

गुढी उभारायची नाही म्हटलं. ती म्हणाली, उभारायची.

३ एप्रिल, गुरुवार

अर्पिता आली. मी तिची माफी मागितली. तिनं ऐकून घेतली पण खुर्चीत बसली नाही, उभ्यानंच नोंदवही चाळत राहिली. पट्टीवरचा लेप आणि हळद एकाच निळ्या उजेडात जवळपास एकाच रंगाची चमकतात, डब्याला दोन्हीतला फरक कळत नाही, असं तिनं सांगितलं. त्यांनी शाई तपासली होती, मेंदी तपासली होती, कपाशीवरच्या फवाऱ्याचे डाग तपासले होते. हळद नाही. "आमच्या घरात रोज भाजीत असते," म्हणाली आणि मग बसली. तिचे डोळे भरले होते. तिची चूक तिच्यापाशी राहू दे, मला ती वाटून घ्यायची नाही. तिनं फोन करून विचारलं होतं. मी उभा राहून भाषण केलं होतं.

ती डबा परत न्यायला निघाली. साबणानंही हा रंग आठ दिवस जात नाही, हळदीच्या गावात बोटाचा थेंब चालणारच नाही, असं तिचं म्हणणं.

विजयमाला चहा देत होती. म्हणाली, "हात पिवळे हाय ना? कान तर पिवळे नाही."

अर्पितानं कप खाली ठेवला. कानाच्या पाळीतून थेंब घेता येतो म्हणे, पूर्वी घेत असत.

११ एप्रिल

लिहिण्यासारखं काही नाही. त्रेपन्न नावांची यादी उतरवून काढली.

१८ एप्रिल, शुक्रवार

नुसतं तोंडानं सांगून पुरेल असं वाटलं, म्हणून घरोघर निघालो. अठरा घरांत गेलो. सहा बायांनी ऐकलं आणि यवतमाळला जायचं कबूल केलं. बाकीच्या म्हणतात, सर, हिरवा आला होता ना? तुमीच तर वाचला होता. हिरवं मनात इतकं घट्ट बसलंय, आणि बसवलंय मीच. काही वर्षांपूर्वी एका बुवाच्या भक्तांना समजावताना असाच दमलो होतो. तेव्हा त्यांना मूर्ख म्हणायची सोय होती.

रामीबाई घरी आली आहे. आठवड्यातून दोनदा पुसदला मशीनवर. मी दारापर्यंत गेलो, आत गेलो नाही.

२ मे, शुक्रवार

काल ग्रामसभा. बबनरावांना आधी सांगितलं होतं, सत्कार नको. त्यांना वाटलं नम्रता. शाल आणि नारळ टेबलावर आणून ठेवलेच.

नऊ पानांचं भाषण घरी ठेवलं. पिशवीत परात घेतली, चुन्याचं पाणी, सालीचा रस, डबा आणि हळदीची वाटी. आधी कावीळवाल्याचा प्रयोग केला, स्वतःच्या हातावर. लोक हसले, त्यांना पाठ आहे. मग म्हटलं, आता दुसरा बुवा बघा. डावा हात धुतला, थेंब घेतला. उजवा हात वाटीत बुडवला, पुसला, थेंब घेतला. चौदा मिनिटं सभा बसून राहिली. मी एक शब्द बोललो नाही. इतकी शांत ग्रामसभा या गावात झाली नसेल. आकडे बबनरावांना वाचायला लावले. अडुसष्ट. पंच्याण्णव.

मग सांगितलं. फेब्रुवारीत ज्यांना मी हिरवं सांगितलं त्यांनी ते विसरावं. रामीबाईचं औषध मी थांबवलं. तिच्या मूत्रपिंडाला मिळाला असता तो वेळ मी घालवला. नावं वाचली, एक्कावन्न. प्रत्येक नावानंतर, यवतमाळला जाऊन रक्त द्या, असं म्हणालो. विसाव्या नावापाशी आवाज गेला. उरलेली मुख्तारभाईनं वाचली, त्यात त्याच्या बहिणीचं नाव होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "चाळीस वर्षं दुसऱ्याले बुवा म्हनत होते." उकंडा असावा, बॉयलरवाला. त्यावर कुणी हसलं नाही. त्याचं वाक्य माझ्या बऱ्याच वाक्यांपेक्षा नेमकं होतं.

हंसाबाई नावाची टोळीतली बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, जीप कोन करून देनार? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, सोमवारी. अन् तुमी संगं या, पन भाषन करू नका जीपमधी.

शाल टेबलावर राहिली. नारळ बबनरावांनी फोडून वाटला.

१३ मे, मंगळवार

तीन जीपा झाल्या. एकोणचाळीस बायांचं रक्त तपासून झालं. डिसेंबरातल्या लालांपैकी अकरा लालच आहेत. सगळ्यांना औषध चालू झालं. हंसाबाईचं मूत्रपिंड अजून बरंच शिल्लक आहे. ती म्हणाली, मी रामीच्या भरवशावर थांबली होती, ती बरी तर मी बरी.

बारा उरल्यात. त्यातल्या चार जणी मला बघून दार लावतात. उद्या विजयमाला जाणार.

२१ मे, बुधवार

डबा परत आला. पट्ट्या त्याच, थेंब कानाचा. डब्याच्या झाकणावर अर्पितानं नियमांचा कागद चिकटवला आहे आणि झाकणावर कॅलेंडर लावायला खिळा नसतो.

समाजमंदिरात शिबिर. आधी प्रत्येकीचा थेंब कानातून, डब्यात. आणि शेजारी नळी भरून यवतमाळला, ताडून बघायला. आम्ही आकडा सांगत नाही, दोन्ही जुळले की सांगणार. मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. मी कापूस देत होतो. एकेकीला एक बोळा.

रामीबाई आली. काल मशीनवर होती, आज अंगात थोडं त्राण होतं. हातावर मशीनसाठी जोडलेली फुगीर नस, त्यावर पट्टी. मी उठून खुर्ची दिली. ती बसली नाही, रांगेच्या तोंडाशी उभी राहिली आणि टोळीवर हाकारायची तशी हाकारायला लागली. "हात लपव, कान दाखव. कानातली फुली काढ आधी. शाळेत सरनं आपल्या लेकरायचे कान पिळले, आता आपली पाळी."

बाया हसल्या. रांग लागली.

सगळ्या झाल्यावर ती स्वतः स्टुलावर बसली. मी म्हटलं, तुझं कशाला, तुझं तर दवाखान्यात दर आठवड्याला होतं. तिनं कानातली फुली काढून विजयमालाच्या हातात दिली होती. अर्पितानं थेंब घेतला. सात मिनिटं आम्ही तिघं-चौघं तिथंच होतो. ती विजयमालाला विचारत होती, औंदाचं लोणचं टाकलं का, अन् बिनमिठाचं लोणचं टिकते का.

दिवा लागला. लाल. अर्पितानं डबा माझ्याकडे वळवला. नियम असा की आकडा सांगायचा नाही.

"वाचा," रामीबाई म्हणाली.

मी हळू वाचला. अकरा.

"असा नाही," ती म्हणाली. "बॉयलरवर वाचला होता तसा वाचा. ह्या साऱ्या होत्या तवा."

बाया निघता निघता थांबल्या. मी उभा राहिलो. खाकरलो. मग वाचला.

टाळ्या नाहीत. रामीबाईनं मान हलवली, विजयमालाच्या हातातून फुली घेतली आणि चाचपडत कानात घालू लागली. भोक सापडेना. विजयमालानं घालून दिली.